सतरा नंबरचा फॉर्म आणि कोरा कागद

नववी पास होऊन मी शाळा सोडली ती १९९९ साली. लग्नानंतर मुंबईत आले, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत. गेली अकरा वर्षं दादरच्या एका खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. जून २०२४ मध्ये तिथे देखरेखीची जागा निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काम तुम्हाला सगळं येतं, पण दहावीचं मार्कशीट लागेल." त्या रात्री मी पहिल्यांदा पुतणीला विचारलं, या वयात दहावीला बसता येतं का? ती बँकेच्या परीक्षांची तयारी करते. म्हणाली, "काकी, सतरा नंबर भर."

शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा हा फॉर्म. पुढचं सगळं लिहून ठेवते आहे, कारण मला तेव्हा असं लिहिलेलं कुठे सापडलं नव्हतं. फॉर्मची माहिती मिळाली, पण चाळीस वर्षांच्या बाईने अभ्यासाला बसायचं कसं, हे कोणी सांगत नव्हतं.

फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. त्यात माध्यम आणि संपर्क केंद्र, म्हणजे ज्या शाळेमार्फत तुम्ही परीक्षेला बसणार ती शाळा, निवडावी लागते. घराजवळची निवडा. कागद देणं, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं, हॉल तिकीट, मार्कशीट, सगळ्यासाठी त्याच शाळेत खेपा असतात. माझ्या एकूण नऊ झाल्या. नोंदणीला हजार-बाराशे रुपये गेले. परीक्षेचं शुल्क त्यानंतर वेगळं, ते शाळेत भरलं.

खरी अडचण दाखल्याची होती. शाळा सोडल्याचा दाखला मी कधी काढलाच नव्हता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवसांची रजा काढून परळ डेपोतून एसटीने संगमेश्वरकडे गावी गेले. बायकांना अर्धं तिकीट असल्याने जाण्यायेण्याचा खर्च आवाक्यात राहिला. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये माझं नाव सापडायला वीस मिनिटं लागली. लिपिकांनी पान उलटलं आणि माझं माहेरचं नाव मोठ्याने वाचलं. इतक्या वर्षांत त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते मी खिडकीकडे बघून आवरलं.

मुंबईत परतल्यावर तेच नाव आडवं आलं. दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. संपर्क केंद्रातल्या खिडकीवर "नावं जुळत नाहीत, चालणार नाही" एवढं बोलून कागद परत केले. काय आणलं म्हणजे चालेल, हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी थेट मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांनी शांतपणे समजावलं, की परीक्षेचं नाव दाखल्याप्रमाणेच राहील. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडा. नोटरी, झेरॉक्स, फोटो मिळून साडेचारशे रुपये लागले. गणपतीच्या आधी, ३ सप्टेंबरला, फॉर्म जमा झाला. लग्न झालेल्या बायकांनी हे कागद आधीच तयार ठेवावेत, माझे त्यात अकरा दिवस गेले. आणि जमा केलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत शाळेच्या शिक्क्यासह स्वतःकडे ठेवावी.

गणपती गेले आणि मी अभ्यासाला लागले. पहाटे साडेचार ते सहा, पाणी येईपर्यंत. पुस्तकं शेजारच्या मुलीची जुनी मिळाली. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवूनही घेता येतात, पण मला कागद हातात लागतो. धडा वाचायचा, महत्त्वाच्या ओळींखाली रेघ मारायची, पुन्हा वाचायचं. दसऱ्यापर्यंत विज्ञानाच्या पहिल्या भागाचे पाच धडे माझे तीनदा वाचून झाले होते. वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं. मनात म्हणायचे, जमतंय की.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पुतणी आली. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं आणि कोरा कागद पुढे ठेवला. "केप्लरचे तीन नियम लिही."

तीन नियम आहेत हे मला माहीत होतं. ते पानाच्या डाव्या बाजूला आहेत, वर आकृती आहे, हेही डोळ्यांसमोर होतं. एक ओळ लिहिली, ग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतात. पुढे काही येईना. दहा मिनिटं मी तशीच बसले. महिनाभर पहाटे उठून केलेलं सगळं कुठे गेलं म्हणून छातीत धडधडायला लागलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "काकी, तू वाचत होतीस, आठवत नव्हतीस. परीक्षेत कोणी वाचायला सांगत नाही." मग तिने एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाबद्दल सांगितलं. त्याने १८८५ साली स्वतःच्याच स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचा. सुरुवातीला विसरणं फार झपाट्याने होतं आणि मग त्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. मधे दिवस सोडून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हेही त्याच्याच प्रयोगांत दिसलं. मला बरं वाटलं. विसरणं हा माझ्या वयाचा दोष नव्हता, ते सगळ्यांचंच होतं.

त्या दिवसापासून पद्धत बदलली. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं निळ्या पेनाने लिहायचं. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनाने भरायचं. लाल रंग जिथे दिसेल तेवढंच पुन्हा बघायचं. तेच पान दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या दिवशी, दर वेळी आधी कोरा कागद. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकोनात धड्याचा क्रमांक लिहून ठेवायचे, म्हणजे आज काय करायचं हा विचार पहाटे करावा लागत नसे. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. वाचण्यात एक समाधान असतं, ते यात नाही. यात रोज सकाळी आपल्याला काय येत नाही तेच समोर येतं. पण नोव्हेंबरच्या मध्यावर एकदा केप्लरचे तिन्ही नियम आकृतीसह सरळ कागदावर उतरले. लाल पेन उचलावं लागलं नाही. त्या सकाळी मी घरातल्या सगळ्यांना उठवून तो कागद दाखवला.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या निवडणुकीचा प्रचार होता. संध्याकाळी चाळीत भोंगे आणि रिक्षा फिरत. घरात बसणं अशक्य झालं तेव्हा पुतणी मला अभ्यास गल्लीत घेऊन गेली. वरळीबाहेरच्यांसाठी सांगते, ही खरीच एक गल्ली आहे. चाळींतल्या लहान खोल्यांत जागा नसलेली मुलं वर्षानुवर्षं इथे रस्त्याच्या दिव्याखाली बसून शिकत आली. आता तिथे बसायला बाकं आहेत. पहिल्या दिवशी मला फार संकोच वाटला. सगळी विशीतली मुलं, आणि मी साडी नेसून दहावीचं भूगोलाचं पुस्तक उघडून बसलेली. कोणी वर मान करून बघितलंसुद्धा नाही. ज्याचा त्याचा अभ्यास. मतदान झालं तरी मी तिथे जात राहिले, रात्री साडेआठ ते दहा. फोन घरी ठेवून जायचे. लेकाला सांगितलेलं, फारच काही झालं तर धावत ये. पाच महिन्यांत तो एकदाच आला, तेही चावी मागायला.

गणिताचं वेगळं सांगावं लागेल. बीजगणिताची मला भीती होती, आणि भीतीचं कारण बीजगणितात नव्हतंच. अपूर्णांक आणि ऋण संख्या कच्च्या होत्या. म्हणून दहावीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि लेकाची सहावी-सातवीची पुस्तकं काढून सहा आठवडे तीच गणितं सोडवली. वेळ वाया जातोय असं रोज वाटायचं. पण त्यानंतर दोन चलांची समीकरणं आठवड्याभरात सुटू लागली. अंकगणिती श्रेढी मला आमच्या भिशीने शिकवली, दर महिन्याला पन्नास रुपये वाढवत गेलं तर बाराव्या महिन्यात किती भरायचे, ही श्रेढीच आहे. संभाव्यतेत पत्त्यांची गणितं येतात. गावी गणपतीत रात्र रात्र पत्ते खेळलेल्या बाईला ५२ पानांत राजा, राणी, गुलाम मिळून १२ चित्रं हे शिकवावं लागत नाही. माहीत असलेल्या गोष्टीला गणिताचं नाव मिळालं की ती पक्की बसते.

या सगळ्याबरोबर एक वही होती, चुकांची. सोडवताना चुकलेलं प्रत्येक गणित त्यात उतरवायचं आणि खाली चूक का झाली ते एका ओळीत. "चिन्ह बदललं नाही." "प्रश्न अर्धा वाचला." "एकक लिहिलं नाही." जानेवारीत वही चाळली तेव्हा कळलं, की माझ्या निम्म्याहून जास्त चुका न समजल्यामुळे नव्हत्या, प्रश्न घाईने वाचल्यामुळे होत्या. तेव्हापासून प्रश्न वाचताना काय विचारलंय त्या शब्दावर बोट ठेवायची सवय लावली. पेपरातही ठेवलं.

डिसेंबरमध्ये दादरला स्टेशनबाहेर जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच घेतला आणि रविवारी घड्याळ लावून मराठीचा पूर्ण पेपर लिहायला बसले. चाळीस मिनिटांत बोटं आखडली. अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ येत होती. तीन तासांचा पेपर मी दोनदा थांबून सव्वाचार तासांत संपवला. त्याआधी लिखाणाचा हात हा विचारच माझ्या मनात आला नव्हता. रोजच्या जगण्यात आपण सही आणि वाणसामानाची यादी सोडून काय लिहितो? मग रोज रात्री एक पान, नंतर दोन, नंतर सलग चार पानं लिहायची. जाड पकडीचं पेन घेतलं आणि पेन दाबून धरणं सोडलं. फेब्रुवारीपर्यंत तीन तास लिहिता येऊ लागलं. सतरा नंबर भरणाऱ्या माझ्यासारख्या बायकांना मी सगळ्यात आधी हेच सांगेन, हाताचा सराव पहिल्या दिवसापासून सुरू करा.

वेळेचा हिशेबही तेव्हाच बसवला. भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. बीजगणित ४० गुणांचं आणि दोन तासांचं, गुणाला तीन मिनिटं. चार गुणांच्या गणिताला बारा मिनिटं झाली की अर्धवट असलं तरी जागा सोडून पुढे जायचं. बीजगणितात पहिल्या दोन प्रश्नांतच २० गुण असतात, तेही लहान लहान प्रश्नांचे. "कृती पूर्ण करा" या प्रश्नांत पायऱ्या छापलेल्या असतात, चौकटी भरायच्या. कच्च्या विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करावी. हात आणि मन दोन्ही स्थिर होतात.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपर्क केंद्रात तोंडी परीक्षा आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं झाली. मुलं मला कोणाची तरी आई समजून "काकू, पालकांनी बाहेर थांबायचंय" म्हणाली. मी हॉल तिकीट दाखवलं. त्यातल्याच एका मुलीने मग परीक्षानळी कशी धरायची ते मला दाखवलं. हॉल तिकीट हातात आलं की नाव, आईचं नाव, विषय आणि माध्यम नीट तपासा. माझ्या आईच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. शाळेने दुरुस्त करून नवीन दिलं, चार दिवस लागले. माझी आई कधी शाळेत गेली नाही. तिचं नाव माझ्या मार्कशीटवर बरोबर यावं यासाठी मी त्या चार दिवसांत दोन खेपा आनंदाने घातल्या.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. आदल्या दिवशी जाऊन इमारत आणि बसचा रस्ता बघून आले. २१ फेब्रुवारी २०२५, मराठीचा पेपर. साडेदहाला आत. अकराला प्रश्नपत्रिका हातात येते आणि शेवटी दहा मिनिटं जास्तीची मिळतात, म्हणजे दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत. बाक लहान होता, गुडघे अडकत होते. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिताना हात थरथरत होता. पर्यवेक्षक बाईंनी जवळ येऊन हळूच सांगितलं, "सावकाश लिहा, पुष्कळ वेळ आहे." पहिला उतारा वाचला, कृती सोडवायला घेतल्या आणि वीस मिनिटांत थरथर गेली. आजूबाजूला कोण बसलंय याचं भान पेपर संपल्यावरच आलं.

१ मार्चला इंग्रजी. मला सगळ्यात कठीण तेच गेलं, अजूनही जातं. मुलांबरोबर बाहेर उभं राहून उत्तरं पडताळायची चूक त्या दिवशी केली. तीन उत्तरं चुकली हे कळलं आणि पुढचे दोन दिवस अभ्यासात लक्ष लागलं नाही. त्यानंतर पेपर संपला की कोणाशी न बोलता बस पकडायची.

५ मार्चला बीजगणितात मी माझाच नियम मोडला. चौथ्या प्रश्नातलं वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण मला येत होतं, घरी दोनदा सोडवलं होतं. पण उत्तर अपूर्णांकात येत राहिलं. बारा मिनिटं झाली, सोडवेना. येतंय ते सोडायचं कसं? वीस मिनिटं गेली. शेवटी पाचव्या प्रश्नाला वेळ उरला नाही, तीन गुण सरळ गेले. घरी येऊन बघितलं तर दुसऱ्याच ओळीत चिन्ह चुकलं होतं. रात्री खूप रडले. पुतणी चुकांची वही घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "हेही लिही." मी लिहिलं: "येतं ते गणित सोडवेना तर जास्त लवकर सोडायचं, कारण त्याचा मोह जास्त." ७ मार्चच्या भूमितीत एका प्रमेयाशी अडले तेव्हा बारा मिनिटांनी खरंच पान उलटलं. शेवटच्या दहा मिनिटांत परत आले आणि ते सुटलं.

विज्ञान १० आणि १२ मार्चला. नंतर शिमगा आला. घरचे सगळे पालखीसाठी गावी गेले, मी एकटी मागे राहिले, कारण धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, १५ मार्चला, इतिहास होता. शिमग्याला गावी नसण्याची ही माझी पहिलीच वेळ. दार लावून कोऱ्या कागदावर संग्रहालयांचा धडा लिहीत बसले. १७ मार्चला भूगोल झाला. भारत आणि ब्राझीलचे नकाशे मी इतक्या वेळा कोऱ्या कागदावर काढले होते, की ॲमेझॉन कुठे वळते ते हातालाच माहीत होतं.

निकाल १३ मेला दुपारी एकला लागला. मी कामावर होते. संकेतस्थळ उघडायला पुतणीला पंचवीस मिनिटं लागली. तिने फोनवर आधी माझं माहेरचं पूर्ण नाव वाचलं, मग आईचं नाव, आणि मग गुण. मराठी ७१, हिंदी ६४, इंग्रजी ४७, गणित ४४, विज्ञान ५२, सामाजिक शास्त्रे ६८. सर्वोत्तम पाच विषयांचे मिळून ६०.४० टक्के. मी औषधांच्या कपाटाला टेकून उभी होते, आणि मला खाली बसावं लागलं.

सगळा खर्च मिळून साधारण साडेचार हजार झाला. क्लास लावला नव्हता. मार्कशीट हातात आलं की पाच-सहा झेरॉक्स करून ठेवा आणि मूळ प्रत लॅमिनेट करू नका, पुढे कुठे शिक्का किंवा पडताळणी लागली तर अडचण होते. देखरेखीची जागा जूनमध्ये मला मिळाली. दवाखान्यात कागद देताना पुन्हा दोन नावांचा प्रश्न आला, पण या वेळी प्रतिज्ञापत्राची प्रत पिशवीत होती.

बारावीचा सतरा नंबर भरायला दहावीनंतर दोन वर्षं जावी लागतात. म्हणजे माझी पाळी २०२७ च्या परीक्षेला. रोज रात्री एक पान लिहिणं मी चालूच ठेवलं आहे, हाताची सवय जाऊ नये म्हणून.